लोंढा, साइड बी

खडे बाजारातला पोरगा म्हणाला, "मावशी,
खरखर काढून देऊ? एकदम नवीन होतंय बघा."
नको म्हटलं.
चव्वेचाळीस वर्षं कुंद्याच्या डब्यात राहिलेली कॅसेट,
तिला आता कसला साबण लावायचा.

लेबलवर माझंच अक्षर, वेलांट्या फुगलेल्या:
ऑब्री. रेल्वे इन्स्टिट्यूट. साइड बी.
साइड एवर परशानं नंतर भजनं भरली.

ऑब्री म्हणजे फायरमन डिक्रूझचा थोरला.
दिवसा इंजिनांना तेल घालायचा,
रात्री टोपी चढवली की कुठल्या तरी वाळवंटाचा व्हायचा,
जिथं घोडे होते, धूळ होती, परत न आलेली एक बाई होती.
लोंढ्याला कुठलं वाळवंट. सागवान आणि जळवा.
तरी मागं आंतोन गिटार आडवी मांडीवर घेऊन
बाटलीच्या गळ्यानं तारा ओढायचा, तेव्हा वाटायचं
लांबून कुणी हाक मारतंय
आणि नाव विसरलंय.

माझ्या आठवणीत आवाज केवढा मोठा होता.
टेपवर एक बावीस वर्षांचा पोरगा आहे, घाबरलेला.
दुसऱ्या कडव्यात त्याला श्वास पुरत नाही.
मी सोळाची होते. मला पुरला होता.

तिसऱ्या गाण्याआधी तार तुटते. टण्ण.
मग चार मिनिटं काहीच नाही, म्हणजे सगळंच:
मात्शें राव.
स्वल्प तडी री.
थांब की गा, जीव चाललाय काय.
कुणाचं तरी बाळ. सोड्याच्या बाटलीतली गोटी.
आणि अगदी कानाशी टचक, टचक,
शेंगा फोडल्याचा आवाज, गिटारीहून मोठा.
"गप्प बस की," दबक्या आवाजात एक पुरुष.
टेपरेकॉर्डर माझ्या मांडीवर होता.
शेंगा मात्र इतकी वर्षं मी परशावर घातल्या.

पुढं ऑब्री पर्थला गेला. तिथनं रेकॉर्ड धाडली,
काचेच्या खोलीत गायलेली, धुतलेली, इस्त्री केलेली.
तीच गाणी. एकदाही तार तुटत नाही.
दोनदा ऐकली असेन.

इथं तिसऱ्या गाण्यात, शेवटच्या कडव्याआधी
सगळे थांबतात, आणि बाहेर
इंजिनाची शिट्टी. लांब. नेमकी त्याच्या सुरात.
ऑब्री हसतो, आवाज वर नेऊन तिला भिडवतो.
हॉल नुसता उसळतो.
योगायोग म्हणून मी हे पोरांना सांगितलं, नातवंडांना सांगितलं.

काल परशाला इचलकरंजीला फोन लावला,
मोबाइल स्पीकरशी धरला.
"ऐक. मला गप्प बस म्हणतोयस बघ."
बराच वेळ तो ऐकत राहिला.
"तो मी न्हवं गं. माझी नाइट होती. केबिनला होतो."
मग शिट्टी आली, तसा म्हणाला,
"हा. हा मी."

खनिजाची मालगाडी आउटरला उभी. लाइन मोकळी.
सिग्नलचा हात तेवढा पाडायचा होता.
"खिडकीतनं ऐकू येत होतं सगळं.
म्हटलं एवढं कडवं होऊ दे.
ड्रायव्हर तापला, दोरी ओढून धरली त्यानं."
वहीत काय लिहिलंस?
"हात अडकला म्हणून लिहिलं."
थोडं थांबून,
"ग्रीस मागवलंच होतं त्या महिन्यात. खपून गेलं."

पुन्हा लावते. टाळ्यांच्या खाली, नीट कान दिला तर,
वाघिणी एकेक करून ताणल्या जातात,
खट, खट, खट, लांब कॅसलरॉककडं.
ही मी कधी ऐकलीच नव्हती.

राहिला तो एक आवाज. गप्प बस की.
माझ्या शेजारी कोण बसलं होतं, आता कुणाला विचारू.
जो कोण होता,
त्याचं ऐकलं असतं
तर या टेपवर मी कुठंच नसते.